बावन्न किलोमीटर आणि दोन टायर

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

आजपासून रोजनिशी. आयुष्यात काही ठोस घडणार असेल तर त्याची नोंद असावी. येत्या रविवारी मी मोटरसायकलने हिला आणायला जाणार. अंतर बावन्न किलोमीटर. वाटेत एक मुक्काम धरला आहे. धापा टाकत जाणारे रायडर नसतात, पार्सलवाले असतात.

ही बहिणीकडे गेली ती नोव्हेंबरात. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पंधरा दिवस सांगून गेली. गुडघा केव्हाच बरा झाला. ताई आता जिने चढतात, उतरतात आणि वर काही विसरलं म्हणून पुन्हा चढतात. काल फोनवर ही म्हणाली, मी मोकळीच आहे, पण बॅग उचलून एकटी येणार नाही. तुम्ही न्यायला या. सव्वीस वर्षांत एकदाही मला कुठून न्यायला आला नाहीत. हे धादांत खोटं आहे. लग्नाला मी स्वतः गेलो होतो.

येतो म्हणालो. गाडीवर येतो म्हणालो. ती एकदम गप्प झाली. भारावली असणार.

त्याच दिवशी. दुपार

घोटाळा. दर रविवारप्रमाणे टायरना चकाकीचं पॉलिश लावत होतो. मागच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक रेघा दिसल्या. धूळ समजून पुसल्या. पुसून जाईनात. नख फिरवलं तर नख अडकलं. चिरा! टाचेला पडतात तशा, गोलाकार, रिमच्या कडेकडेने. पुढच्या टायरलाही त्याच.

गाडी घेऊन तीन वर्षं झाली. टायरची नक्षी अजून कोरी आहे. नव्या टायरला रबराचे केस असतात ना, तेसुद्धा शाबूत आहेत. वापर जवळजवळ शून्य, तरी चिरा. म्हणजे दोष कंपनीचा. शाळकरी पोरालाही कळेल.

हिला फोन करून सांगितलं की प्रवास एक आठवडा पुढे. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, एसटी दर अर्ध्या तासाला आहे. मी म्हणालो, मुद्दा तो नाही.

३ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला घरी आणून दाखवलं. त्याने टायरकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, साहेब, दोन्ही बदला, आत्ता बसवून देतो. मी विचारलं, कारण काय? तो म्हणाला, कारण कशाला पाहिजे, टायर पाहिजे. मग म्हणाला ऊन. मग म्हणाला हल्लीचं रबरच खोटं. मग कुणाची तरी नजर लागली असंही सुचवून पाहिलं. मी स्वच्छ सांगितलं, पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. कंपनीने चूक कबूल केली पाहिजे. त्याने चहा घेतला आणि गेला.

चहाचे दोन कप बऱ्याच दिवसांनी धुतले.

६ फेब्रुवारी

कंपनीला पहिलं पत्र टाकलं. या खेळात मी मुरलेला आहे. पंख्याच्या कारखान्यात तक्रार विभागात एकोणीस वर्षं काढली, ती खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसून. पद्धत ठरलेली असते. पहिल्या पत्राला पोच. दुसऱ्याला सहानुभूती. तिसऱ्याला 'वापरातील दोष'. चौथं पत्र फारसं कुणी लिहीत नाही, आणि सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. पण जो खरोखर हटून बसतो त्याला शेवटी कंटाळून नवा पंखा देतात. मी हटणार आहे.

हिचा मेसेज आला: 'मग नक्की कधी येता?' सवयीने लिहून गेलो: 'आपला संदेश मिळाला. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' उत्तर नाही आलं. पोच दिली की लोक शांत होतात, हा अनुभव आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज निघायचं होतं. पहाटे उठलो, दाढी केली, जॅकेट चढवलं. गाडीजवळ जाऊन टायर पुन्हा पाहिले. चिरा वाढल्यात. जॅकेट उतरवलं. नंतर बराच वेळ दाढी केलेल्या चेहऱ्याचं काय करावं ते सुचेना.

२० फेब्रुवारी

कंपनीची पोच आली. मसुदा उत्तम. 'आपण दिलेल्या माहितीबद्दल आम्ही आभारी आहोत' हे वाक्य जिथे हवं तिथेच आहे. तिसरा परिच्छेद तर मीच लिहिला असता. जिवाभावाचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. दोनदा वाचलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

शत्रू सापडला: ऊन. गाडी अंगणात उभी असते, दुपारभर ऊन खाते. उपाय: गाडी घरात. तळमजल्यावर राहण्याचा हाच तर फायदा. पलंगाची फळी उंबऱ्यावर तिरकी टाकली, एकट्याने ढकलून हॉलमध्ये आणली. कमरेत उसण भरली, पण गाडी आत. सोफा गॅलरीत गेला. सोफ्यावर तसंही कोण बसतं?

वरच्या मजल्यावरच्या काकू दारातून डोकावल्या. म्हणाल्या, अहो, बायको कधी येणार? मी म्हणालो, टायरचं मार्गी लागलं की. त्या म्हणाल्या, असं होय. काकू समजूतदार आहेत.

घरात आता जरा भरल्यासारखं वाटतं.

१ मार्च, रविवार

बरंच वाचन केलं. विजेच्या मोटरजवळ ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला खातो. हे शास्त्रीय आहे. हॉलमधला पंखा तत्काळ बंद. आमच्याच कारखान्याचा आहे, पण मी निःपक्षपाती माणूस आहे. फ्रिज हॉललगत असल्याने रात्री तोही बंद. दूध नासलं. कशाला आधी जपायचं आणि कशाला नंतर, हे माणसाला कळावं लागतं.

टायर झाकायला सुती कापड हवं होतं. हिच्या दोन जुन्या साड्या गुंडाळल्या. जुन्या म्हणजे मला तरी जुन्या वाटल्या.

साडूंचा फोन. ताईंचे यजमान, पण बोलणं सासऱ्याचं. म्हणाले, काय हो, टायर म्हातारे झाले की तुम्ही? आणि स्वतःच हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, एकदा येऊन जा, ती बोलत नाही, पण संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहते. मी विचारलं, फाटक दुरुस्तीला आलंय का? ते म्हणाले, धन्य आहे, आणि फोन ठेवला. आमच्या साडूंना संवाद पूर्ण करायची सवय नाही.

९ मार्च

ऑफिस. एक आजोबा पंख्याचा आवाज येतो म्हणून सातव्यांदा लिहितायत. पत्रात पंखा तीन ओळी, बाकी सगळं इतर. आज शेजारणीने साखर मागितली, काल झोप लागली नाही, मुलगा फोन उचलत नाही. घरी कुणी नसावं. अशा माणसाला उत्तर द्यायचं नसतं, ती माणसं पुन्हा लिहितात. 'वापरातील दोष'चा शिक्का मारला.

घरी येऊन माझं पाचवं पत्र लिहिलं. चांगलं साडेतीन पानी झालं. चिरांबरोबरच गाडी का घेतली तेही लिहिलं, म्हणजे त्यांना पार्श्वभूमी कळेल. गाडी घेतली ती दोघांनी फिरायला. दुकानातून ही मागे बसून घरी आली. नंतर एकदा बँकेपर्यंत. नंतर काही ना काही आलं. हा भाग खोडला. मग ठेवला.

१४ मार्च

हिचा फोन. आवाज ताजा. तिकडच्या दवाखान्यात सकाळी पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम धरलंय म्हणे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, अक्षराचं कौतुक करतात. मी म्हणालो, छान, विरंगुळा हवाच, पण तिथे गुंतू नकोस, मी येतोच आहे. ती म्हणाली, तुमच्या येण्यात आणि माझ्या गुंतण्यात कोण पुढे जातं ते बघू.

लढाऊ स्वभाव. मला तो नेहमीच आवडत आला आहे. सांगायचं राहून गेलं.

२४ मार्च

विजय! कंपनी माणूस पाठवणार, टायरची पाहणी करायला. हॉल झाडून घेतला. टायरवरच्या साड्या सोडून पॉलिशचा जाड हात दिला. पाहुण्यासमोर टायर कळकट दिसायला नकोत.

२८ मार्च

कंपनीने माणूस पाठवला नाही, मुलगी पाठवली. पंचविशीची इंजिनीअर. स्वतःच्या मोटरसायकलवर आली. तिच्या गाडीचे टायर झिजलेले, चिखलाने माखलेले, पाहवेनात. चीर मात्र एकही नाही. नशीब एकेकाचं.

हॉलमध्ये गाडी पाहून ती दारातच थांबली. मग चपला काढून आत आली. मला वाटतं गाडीला पाहून काढल्या.

गुडघ्यावर बसून तिने टायर दाबला, चिरा उघडल्या, फोटो काढले. हवा तपासली. विचारलं, काका, हवा शेवटची कधी भरली? मी म्हणालो, गाडी बाहेर गेली की भरतो. बाहेर कधी गेली? मी म्हणालो, गाडी नियमित पुसली जाते. तिने पॉलिशची बाटली उचलून वास घेतला. हे किती दिवस लावताय? दर रविवारी, न चुकता, मी अभिमानाने सांगितलं. तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं.

तिचं म्हणणं असं की रबरात मेण असतं. टायर रस्त्यावर फिरतो, दबतो, तेव्हा ते मेण वर येतं आणि रबराला राखतं. गाडी उभीच राहिली की ते आतल्या आत राहतं. वर जे थोडंफार येतं ते मी दर रविवारी पॉलिशने पुसून काढतो. वरून हवा कमी, म्हणजे उभ्या जागी सगळं वजन एकाच ठिकाणी. म्हणाली, काका, टायरमध्ये दोष नाही. तो नुसता उभा राहून राहून गेलाय.

पोरगी हुशार आहे, पण अनुभव कमी. गाडी हलवायची कशी, टायरला चिरा असताना? चिरा का, तर गाडी हलवली नाही. कोंबडी आधी की अंडं, हे कंपनीने ठरवावं, ग्राहकाने नव्हे. हे तिला सविस्तर समजावलं. तिने मान हलवली.

मग जाता जाता विचारलं, एवढी तयारी कुठल्या प्रवासाची? मी गावाचं नाव सांगितलं. ती हसलीच. म्हणाली, मी सकाळी तिकडूनच आले, नाश्ता करून. संध्याकाळी परत तिकडेच जाते. काही निरोप, काही सामान द्यायचंय का?

मी म्हणालो, नको.

ती हेल्मेट घालून थोडी थांबली. नक्की नको? मी म्हणालो, नक्की. गेली.

बराच वेळ दारात उभा होतो. निरोप काय द्यायचा, ते ठरवायला मला थोडा वेळ हवा होता. अशी माणसं घाईत असतात.

५ एप्रिल, रविवार

अपेक्षेप्रमाणे 'वापरातील दोष'. नववं पत्र पाठवलं. भाषा कडक.

आज पॉलिश लावलं नाही. त्या मुलीचं पटलं म्हणून नव्हे, बाटली संपली म्हणून. रविवार फार मोठा असतो. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

१६ एप्रिल

हिचा फोन नाही. मी केला. ताईंनी उचलला. म्हणाल्या, ती दवाखान्यात आहे, आता दोन्ही वेळा बसते. मग म्हणाल्या, भाऊजी, एक विचारू, रागावणार नाही ना? वरची खोली रिकामी आहे. ती म्हणते, भाडं देऊन राहते. मी तिला एप्रिलअखेरपर्यंत थांब म्हटलंय. तुम्ही या हो. गाडीवर या, बैलगाडीवर या, पायी या, पण या.

मी सांगितलं, प्रकरण अंतिम टप्प्यात आहे. ताई म्हणाल्या, कुठलं प्रकरण? मी म्हणालो, टायरचं. त्या रडल्या असाव्यात. ऑपरेशननंतर माणूस हळवा होतो.

२७ एप्रिल

जिंकलो!! कंपनी दोन्ही टायर बदलून देणार. 'आपले प्रदीर्घ पत्रव्यवहारातील सातत्य लक्षात घेता, केवळ सद्भावनेपोटी.' ऑफिसात हेच वाक्य मी वर्षानुवर्षं लिहिलं आहे. त्याचा खरा अर्थ 'एकदाचा गप्प बस' असा असतो, पण वाचताना ऊर भरून आला.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. वरच्या काकू बाहेरगावी. टायरवाल्याचं दुकान बंद. शेवटी गाडीलाच वाचून दाखवलं.

३ मे, रविवार

टायर बसले. टायरवाला म्हणाला, आता फिरा साहेब. एप्रिल संपून गेला आहे, पण तीन दिवसांनी काय फरक पडतो?

हिला फोन केला. नवे टायर, दोन्ही, फुकट, मी एकट्याने कंपनी झुकवली. ती म्हणाली, अभिनंदन. मग येता का आज? मी म्हणालो, नव्या टायरचा पहिला टप्पा जपून चालवायचा असतो. वरचा गुळगुळीत थर जायला हवा. ती म्हणाली, तो घरात बसून जातो का? मी म्हणालो, रविवारी येतो. येत्या. ती म्हणाली, बरं.

तिचं 'बरं' मी ओळखतो. हे त्यातलं नव्हतं.

१० मे, रविवार. संध्याकाळ

सगळं नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी निघणारच होतो. हवा तपासली, आरसे पुसले, मग ऊन वाढलं. साडेअकराला दारात टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याच्या शेजारून ही उतरली. कळवलं नव्हतं. केस थोडे कापलेत. बरे दिसतात.

तिचं कपाट आणि शिलाई मशीन न्यायला आली होती. वरच्या खोलीसाठी.

हॉलमध्ये गाडी पाहून ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. कोपऱ्यात पडलेल्या साड्या उचलल्या, झटकल्या, घडी घातल्या. चहा केला. म्हणाली, कसे आहात? मी टायरचं पहिल्यापासून सांगितलं, इंजिनीअर मुलीपर्यंत आलो. ती म्हणाली, मी तुमचं विचारलं. मी म्हणालो, तेच तर सांगतोय.

कपाट काही दारातून निघेना, मध्ये गाडी. म्हणून गाडी आधी बाहेर काढावी लागली. टेम्पोवाला आणि मी, फळी टाकून. रस्त्यावर उभी केली. उन्हात टायर असे काळेभोर दिसत होते की पाहत राहावं.

सामान चढलं. ही माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, टायर नवे आहेत. गाडी रस्त्यावर आहे. रविवार आहे. आता काय उरलं? मग जरा थांबून म्हणाली, मी मागे बसते. टेम्पो पुढे जाईल. दोन दिवस तिकडे राहा. कपाट वर चढवायचं की परत आणायचं, ते मग ठरवू.

आत जाऊन जॅकेट आणलं. हेल्मेट घातलं. पट्टा तिसऱ्या खेपेला लागला, उन्हामुळे. ती मागे बसली. तीन वर्षांपूर्वी धरला होता तसा खांदा धरला.

किल्ली फिरवली. बटण दाबलं. टक.

पुन्हा दाबलं. टक. मग तेही नाही.

ती लगेच उतरली नाही. मीही वळून पाहिलं नाही. टेम्पोवाला म्हणाला, धक्का मारू का? त्याने मारला, हिनेही मारला, पदर खोचून, कोपऱ्यापर्यंत. गाडीने हूं की चूं केलं नाही. ती धापा टाकत पुढे आली आणि म्हणाली, राहू दे. टेम्पोत पुढे तिघांना जागा आहे. गाडी आत ढकलू आणि चला. असेच चला, जॅकेट घालून.

मी म्हणालो, बिघाडाचं कारण कळल्याशिवाय गाडी टाकून कसं जायचं? आधी नोंद व्हायला हवी.

तिने माझ्या हेल्मेटची काच वर केली. माझ्याकडे पाहिलं. काच पुन्हा खाली केली आणि टेम्पोत जाऊन बसली.

वळणावर टेम्पो बराच वेळ थांबला होता. डावीकडचा दिवा उघडझाप करत होता. आडवं कुठलंही वाहन नव्हतं, रस्ता मोकळा होता, तरी थांबला होता. टेम्पोवाल्यांना वाहतुकीची शिस्त म्हणून नाही. मी हात केला, जा म्हणून. थोड्या वेळाने गेला.

गाडी एकट्याने आत आणली. मग बसून मसुदा केला. बॅटरी उतरली होती. ती नवी बसवून वर्षसुद्धा झालेलं नाही, म्हणजे दोष सरळसरळ कंपनीचा. उद्या सकाळी पहिलं काम हे. अशा बाबतीत माणसाने दिरंगाई करून चालत नाही.